दिली, एवढंच म्हणायचं

मला कोर्टात एवढंच सिद्ध करायचं होतं, की माझ्या जन्मदात्रीने मला दुसऱ्याच्या ओटीत घालून टाकलं. राजीखुशीने, चार माणसांदेखत. सिद्ध झालं तर मी राहते ते घर माझं. नाही झालं तर उठा आणि गाशा गुंडाळा. लोक कोर्टात जातात ते मी अमकीचा मुलगा आहे हे सांगायला. मी निघाले होते मी अमकीची मुलगी राहिले नाही हे सांगायला. कपाळ माझं, दुसरं काय!

मी रूपाली. बडोद्याला मांजलपुरात बायकांना स्कूटर शिकवते. माझा आवाज मोठा आहे. तो मैदानावर उपयोगी पडतो आणि घरात नडतो, असं आई म्हणायची. आई म्हणजे दुर्गाबाई, जिच्या ओटीत मला घातलं ती. आबा म्हणजे जयसिंगराव, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात होते. आईची दोन बाळं जन्मताच गेली आणि पुढे डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. आबांचे पाठचे भाऊ सुभानराव त्याच वर्कशॉपात, त्यांचं क्वार्टर पलीकडच्या लाइनीत. त्यांना आधीच्या दोन मुली होत्या. तिसरी मी झाले आणि बारा-पंधरा दिवसांची असताना इकडच्या लाइनीत आले. सुभानरावांच्या बायकोला, जिजाबाईंना, मी जन्मभर काकी म्हणत आले. मी त्यांच्या पोटची, हे मला कळायच्या आधी सगळ्या क्वार्टरांना ठाऊक होतं.

आबा ही हकिकत फार रंगवून सांगत. सुभानराव आणि काकी जोडीने पाटावर बसले, काकींनी हसतमुखाने मला आईच्या ओटीत ठेवलं, नारळ फोडला, लाइनीत साखर वाटली. आणि कागद? छे, कागद कशाला! आमचे पणजोबा सरकारच्या पागेत होते. पागेतल्या माणसाचा शब्द म्हणजेच कागद, हे आबांचं ठरलेलं वाक्य. सख्ख्या भावाकडून मूल घ्यायचं आणि वर त्याच्याकडून लिहून घ्यायचं, म्हणजे भावावर विश्वास नाही असंच ना? मृत्युपत्राचा विषय काढला तरी तेच. "एकुलती एक लेक आहेस, तुझ्याशिवाय आहे कोण आम्हाला?" असे आमचे लोक. लग्नात फेटे कुठल्या रंगाचे यावर तीन तीन बैठका घेतील, पण सही करायची म्हटली की यांची अब्रू जाते.

नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही तेव्हा मी परत आले ती याच घरी. आबांनी निवृत्तीनंतर मांजलपुरात घेतलेलं टेनामेंट, ओळीतल्या घरांपैकी एक, खाली दोन खोल्या, वर एक, पुढे स्कूटर लावण्यापुरतं अंगण. आबा तिथेच गेले. आईचं शेवटचं अंथरुणातलं सगळं मी तिथेच केलं. तिचं वर्षश्राद्ध झालं न झालं तोच विक्रमसिंहाची नोटीस आली.

विक्रमसिंह म्हणजे माझा चुलत भाऊ, आबांच्या सगळ्यात धाकट्या भावाचा, बळवंतरावांचा मुलगा. आमची ओळ पाडून तिथे फ्लॅट होणार अशी हवा उठली होती, त्यामुळे बळवंतकाकांना एकाएकी थोरल्या भावाची आठवण यायला लागली. नोटिशीत लिहिलं होतं, की जयसिंगराव निपुत्रिक वारले, त्यांचे हयात भाऊ बळवंतराव हेच वारस, आणि सदर रूपाली ही केवळ सांभाळण्यासाठी ठेवलेली पुतणी.

सांभाळण्यासाठी ठेवलेली! मी काय मांजर आहे? माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच फोन लावला.

"ताई, पर्सनली घेऊ नका ना," विक्रमसिंह म्हणाला. "आपलं नातं तेच राहणार. हे फक्त लीगल आहे."

"तुझ्या बापाने माझ्या बारशाचे पेढे खाल्लेत रे, मेल्या!"

"बाबांना तसं काही आठवत नाही," तो म्हणाला आणि आवजो म्हणून फोन ठेवला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, ते असं.

माझी वकील मिताली. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, पण डोकं जागेवर. तिने सगळे कागद चाळले. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव जयसिंगराव, जन्माच्या दाखल्यावर सुभानराव.

"रूपालीबेन, शाळेत नाव लावलं म्हणून दत्तक होत नाही," ती म्हणाली. "प्रत्यक्ष देणं आणि घेणं झालं, हे दाखवावं लागेल. बापाने दिलं तरी आईची संमती हवी. कायदाच तसा आहे. तिथे हजर कोण कोण होतं?"

मी बोटांवर नावं मोजायला लागले. सुभानकाका गेले, आबा-आई गेले, पूजा सांगणारे भटजी गेले, शेजारची मंडळी कुठे पांगली देव जाणे. राहिले बळवंतकाका, ज्यांना आठवत नव्हतं. आणि काकी.

"मग सवाल कुठे आहे?" मिताली म्हणाली. "जन्मदात्री आईच सांगणार, की हो, मी दिली. याच्यापेक्षा मोठा पुरावा नाही. त्यांना काही लाभ पण नाही यात. सगळं सारू थई जशे, नीट होईल."

तिला काय जातंय म्हणायला. मला मात्र तिथून उठवेना. मी काकींकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग होता, लहानपणापासून. दोन मुली ठेवल्या आणि तिसरी देऊन टाकली. वर नंतर मुलगा झाला तेव्हा त्याला मात्र कडेवरून खाली ठेवला नाही. मला दिली ती हसतमुखाने, हे आबा कौतुकाने सांगायचे, आणि प्रत्येक वेळी मी तिथून उठून जायचे. हसायला काय झालं होतं?

तरी गेले. लालबागच्या पुलावरून, काळाघोडा, फतेगंज करत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, समा भागात पोचेपर्यंत तीनदा मागे वळावंसं वाटलं. काकी तिथे मुकुंदकडे असतात. मुकुंद म्हणजे तो कडेवरचा मुलगा, आता टक्कल पडलेला आणि स्वभावाने गरीब. मी सगळं सांगितलं. काकी मेथी निवडत होत्या. मान वर केली नाही.

"तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, काकी. मी आणि माझ्या मालकांनी ही मुलगी स्वखुशीने दिली. बस्स."

"बघू," काकी म्हणाल्या. "जेवून जा. पिठलं केलंय."

म्हणजे हो की नाही? आमच्या घरात 'बघू' या शब्दाखाली काहीही निघू शकतं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. घरात पाय ठरेना. या खोलीतून त्या खोलीत जायचं, भिंतीला हात लावायचा, गच्चीवर चढायचं, उतरायचं. गॅसवर दूध ठेवायचं आणि दारात जाऊन उभं राहायचं. मैदानावर शिकणाऱ्या बायकांवर उगाच ओरडायला लागले. एक बिचारी म्हणाली, "बेन, तमे आजकाल बहु गुस्से छो." मी तिच्यावरही ओरडले. बरं, जाणार कुठे? या वयात भाड्याची खोली शोधायची, आणि एकट्या बाईला घर द्यायला घरमालक शंभर प्रश्न विचारणार. शिवाय ते घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हत्या. मी आबा-आईची कुणीतरी होते, याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा उरला होता.

मी सम्याच्या फेऱ्या सुरू केल्या. स्कूटर शिकवते तशीच काकींना साक्ष शिकवायला लागले, थोडी थोडी, घाई न करता.

"म्हणा काकी, दिली."

"दिली."

"कुणी दिली?"

"ह्यांनी दिली."

"ह्यांनी आणि मी."

काकी खिडकीबाहेर बघायच्या.

"स्वखुशीने दिली, म्हणा."

"मुकुंदा, रूपाला चहा टाक रे," त्या म्हणायच्या.

दर खेपेला हेच. गाडी त्या शब्दापाशी आली की बंद पडायची. मितालीला सांगितलं तर ती म्हणाली, "राहू द्या तो शब्द. दिली, एवढंच पुरे. इतकी वर्षं कुणी हरकत घेतली नाही म्हटल्यावर संमती कोर्ट धरून चालेल." पण मला ते पुरेना. मला तो शब्द हवा होता. कोर्टासाठी की माझ्यासाठी, ते तेव्हा मला विचारलं असतं तर मी भांडले असते.

मुकुंदचा फोन आला. "ताई, आई हल्ली जेवत नाही. पाठ टेकत नाही. नुसती गॅलरीत येरझाऱ्या घालते. तू जरा कमी ये ना."

"तुझं घर जात असतं तर तू कमी गेला असतास का?" मी म्हटलं आणि उलट त्याच दिवशी गेले.

त्या दिवशी माझा तोल गेला. काकींनी पुन्हा चहाचं काढलं आणि मी उभीच राहिले.

"मला चहा नको! जन्मभर चहाच पाजलात तुम्ही मला. पाहुणीसारखा. दिली ना मला? सगळ्या प्रतापनगरला माहितेय दिली. साखर वाटलीत. मग तोंडाने म्हणायला काय होतंय? देताना हात अडला नाही, आता जीभ का अडते?"

"ताई!" मुकुंद ओरडला.

काकींचा चेहरा असा झाला, की मला वाटलं त्या पडतील. पण पडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "कधी यायचेत ते कोर्टाचे लोक? येऊ देत. मी सांगेन."

खाली येऊन मी स्कूटर सुरू केली आणि सुटले एकदाची, असं वाटलं. वाटलं खरं, पण फतेगंजच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी मी तशीच उभी, मागचे हॉर्न वाजवून थकले.

काकींचं वय बघून कोर्टाने साक्ष घरीच नोंदवायला परवानगी दिली. कोर्टाने नेमलेले एक वकील कमिशनर म्हणून आले, त्यांच्याबरोबर लॅपटॉपवर टाइप करणारी एक मुलगी. समोरच्या बाजूने विक्रमसिंह आणि त्याचे वकील. मुकुंदच्या बैठकीत एवढी माणसं मावेनात, म्हणून जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं. बळवंतकाका आले नाहीत. तब्येत बरी नव्हती म्हणे. काकी इस्त्रीची नऊवारी नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

मितालीने आधीच त्यांचं प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं. मुलगी जयसिंगराव व दुर्गाबाई यांना दिली, एवढंच त्यात. मुकुंदने मोठ्याने वाचून दाखवलं, काकींनी सही केली. मग समोरचे वकील उलटतपासाला पुढे सरकले. बडोद्यातले वकील, मराठी उत्तम. गोड बोलत होते.

"आजी, त्रास देत नाही फार. मुलगी ओटीत घातली तेव्हा तुम्ही पाटावर कुठल्या बाजूला बसला होतात?"

"मी नव्हते," काकी म्हणाल्या.

मितालीने टाइप करणाऱ्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं काकी गोंधळल्या.

"नव्हतात म्हणजे? मग कुठे होतात?"

"माझ्या घरी. बाळंतीण होते. बाहेर जायचं नव्हतं मला."

"मग मुलगी तिकडे कशी गेली?"

"कान टोचायला नेली." काकींचा आवाज अगदी नेहमीचा होता, भाजी काय केली ते सांगावं तसा. "ह्यांच्या थोरल्या भावाकडे, दादांकडे, सोनार आलाय, तिथेच टोचून आणतो, म्हणाले. मी न्हाऊमाखू घातलं. तीट लावली, नवं झबलं घातलं. ह्यांच्याकडे दिली आणि म्हटलं लवकर आणा. कान टोचल्यावर रडेल, लगेच प्यायला लागेल. मी तशी पदर सोडून बसून राहिले."

टाइप करणारी मुलगी शब्द न् शब्द उतरवून घेत होती.

"मग?" वकिलांनी विचारलं. त्यांनाही हे अपेक्षित नसावं.

"मग आणलीच नाही. दिवेलागणीला हे एकटेच आले. हातात साखरेचा पुडा. म्हणाले, दादांना शब्द दिला. मला वाटलं, काय शब्द? नंतर कळलं." काकींनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला. "तिचं रडणं मला ऐकू यायचं. मागचं दार उघडलं की पलीकडच्या लाइनीतून यायचं. अंगावरचं दूध आटेना. जाऊबाई एकदा आल्या आणि त्यांनी माझे पाय धरले. मोठी जाऊ, आणि माझे पाय. म्हणाल्या, मी मरेन गं. मी काय बोलणार? दार लावून घेत गेले मग."

"म्हणजे देण्यापूर्वी तुम्हाला विचारलं नव्हतं?"

"नाही."

"तुमची संमती होती की नव्हती, एवढं सांगा."

"नव्हती. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

"थँक यू, आजी. बस." वकिलांनी पेन खिशाला लावलं. विक्रमसिंहाने फोन काढला आणि अंगठ्याने कुणाला तरी भराभर काही लिहायला घेतलं.

मी कुठे बघू ते मला कळेना. आयुष्यभर जी गोष्ट माझ्या अंगात काट्यासारखी होती, ती गोष्टच नव्हती. पाट नव्हता, हसणं नव्हतं. मला कुणी नको म्हणून टाकलं नव्हतं. माझ्यासाठी एक बाई पदर सोडून वाट बघत बसली होती, आणि मी तिला महिनोन्महिने येऊन म्हणत होते, म्हणा, स्वखुशीने. मला इतकं रडू येत होतं आणि रडताना इतकं बरं वाटत होतं, की घराचं भान मला पहिल्यांदा मितालीने माझं मनगट दाबलं तेव्हा आलं.

"रूपालीबेन, ऐका," ती कानाशी कुजबुजली. "अजून वाचू शकतं. फेरतपासात मला एक प्रश्न विचारता येतो. जाऊबाईंनी पाय धरल्यावर तुम्ही मान्य केलंत ना, नंतर कधी हरकत घेतली नाही ना, असं विचारते. त्या हो म्हणाल्या की बाकी मी बघते. आजी हो म्हणतील. बघा त्यांच्याकडे."

मी काकींकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच. सगळं सांगून झालेलं होतं आणि आता तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती, की आपण पोरीचं घर घालवलं. मी नुसती मान हलवली असती तर ती हो म्हणाली असती. काहीही म्हणाली असती. स्वखुशीनेसुद्धा म्हणाली असती.

कमिशनरनी घड्याळ बघितलं. "फेरतपास आहे का, मॅडम?"

मिताली उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

"नाही विचारायचं," मी म्हटलं. नेहमीसारखं मोठ्यानेच निघालं, सगळ्यांना ऐकू गेलं.

"बेन, घर जाईल," मिताली म्हणाली.

"जाऊ दे. एवढ्या वर्षांत तिला आज पहिल्यांदा कुणी विचारलं. तिने सांगितलंय ते तसंच राहू दे."